पोरांच्या दातांच्या तारा आणि एचएसएचे दाखवायचे दात

मागच्या सप्टेंबरात इथे अमेरिकेत आमच्या लेकीच्या दातांना तारा बसवल्या. वय बारा, वरचे दोन्ही सुळे बाकीच्यांना ढकलून वर चढून बसलेले, आणि खालची ओळ म्हणजे स्वारगेटला एसटी लागल्यावर जी रांग होते तशी, जो तो मध्ये घुसलेला. ऑर्थोडॉन्टिस्टने पाच मिनिटं तोंडात बघितलं, फोटो काढले, क्लास टू आहे म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. (वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्यावरून पाडलेली ही क्लास वन-टू-थ्रीची भानगड एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये काढली, सव्वाशे वर्षं झाली तरी तीच चाललीय.) मग आत आली ती खरी महत्त्वाची बाई, म्हणजे पैशाचं बघणारी. ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर म्हणतात तिला. खुर्ची ओढून बसली, कागद पुढे सरकवला आणि पहिला प्रश्न काय तर, "तुमचं एचएसए आहे की एफएसए?"

(दोन्ही म्हणजे औषधपाण्यासाठी टॅक्स न कापता पैसे ठेवायची खाती, फरक पुढे येतोच.) एचएसए म्हटल्यावर बाई एकदम खुलली. कागदावर होतं, एकूण ६,२०० डॉलर, डेंटल इन्शुरन्स देणार १,५००, उरले ४,७००. ते एकदम भरले तर ५ टक्के सूट, नाहीतर आत्ता ७०० आणि पुढे २० महिने २००-२००, व्याज नाही. "आणि हे सगळं प्री-टॅक्स जाणार, म्हणजे तुम्हाला पडलं स्वस्तात," असं म्हणून ती हसली, मीही हसले, कार्ड काढलं आणि सही केली. घरी येताना गाडीत लेक आरशात बघत होती आणि मी मनात हिशोब करत होते की सरकारने नक्की किती पैसे भरले आपल्या पोरीच्या दातांसाठी. उत्तर आलं सुमारे १,४००. आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती इथे लिहितेय.

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. डिसेंबर २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी इन्शुरन्सच्या, औषधांच्या कायद्यावर सही केली, त्याच कायद्यात हे बसवलं होतं, जानेवारी २००४ पासून सुरू. त्याआधी १९९६ च्या कायद्याने बिल आर्चर या टेक्ससच्या काँग्रेसमनच्या नावाने असंच एक छोटं खातं प्रयोग म्हणून चालू होतं. कल्पना अशी की इन्शुरन्स मोठ्या संकटापुरता ठेवा, म्हणजे डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरपूर, आणि रोजचा खर्च माणसाने स्वतःच्या खात्यातून करावा, स्वतःचे पैसे म्हटल्यावर जपून करेल. खातं उघडायचं तर हाय डिडक्टिबल प्लॅन पाहिजे, २०२६ साठी फॅमिलीचं डिडक्टिबल कमीत कमी ३,४००. खात्यात वर्षाला फॅमिलीने जास्तीत जास्त ८,७५० भरायचे, २०२५ ला ८,५५० होते. भरताना टॅक्स नाही, आत वाढताना नाही, औषधपाण्याला काढलं तर काढतानाही नाही. पगारातून कापून भरलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केसुद्धा वाचतात, जे फोर-ओ-वन-के या नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्याला पण जमत नाही. एफएसएसारखं वर्षअखेरीला पैसे बुडतील ही भीती नाही, नोकरी सोडली तरी खातं आपलंच.

आता, एचएसएच्या बाजूने बोलायचं तर दातांच्या तारांइतकं चांगलं उदाहरण सापडायचं नाही, हे मी आधीच कबूल करते. मध्यरात्री अपेंडिक्स दुखायला लागलं तर कोणी तीन हॉस्पिटलांना फोन करून भाव विचारत नाही, आणि विचारला तरी कोणी सांगत नाही. पण तारांचं तसं नाही. घाई नसते, मूल सात वर्षांचं झालं की एकदा दाखवून घ्या असं अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स सांगते आणि बहुतेक मुलांना खऱ्या तारा लागतात त्या अकरा-बारा-तेराला, म्हणजे चार-पाच वर्षं आधी कळतं की खर्च येतोय. भाव आधी कळतो, तोही सगळा मिळून. पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी फुकट. आम्ही तीन ठिकाणी गेलो, एकाने ५,४०० सांगितले, एकाने ७,१००, आणि आम्ही घेतली मधली, कारण ती शनिवारी उघडी असते आणि लेकीच्या शाळेच्या रस्त्यावर आहे. साठवा, भाव काढा, निवडा, भरा. एचएसए ज्यांनी काढलं त्यांच्या स्वप्नातला गिऱ्हाईक मी झाले.

पण नीट बघा, हा बाजार एचएसएने तयार केलेला नाहीच. तो आधीपासून होता, कारण इन्शुरन्सने दातांकडे कधी धड लक्षच दिलं नाही त्यामुळे लोकांना खिशातूनच भरावं लागायचं आणि डॉक्टरांना बिनव्याजी हप्ते द्यावेच लागायचे. तेव्हा तारांवरून एचएसए किती छान चालतं हे सिद्ध करायचं आणि मग तोच न्याय अपेंडिक्सला लावायचा हे काही पटत नाही. उलट घरातलं सांगते. ४,७०० भरायचे म्हणून खात्यात पैसे शिल्लक राहिले पाहिजेत, आणि त्याच खात्यातून डॉक्टरची फी जाते, मग आमच्या घरात काय झालं तर ह्यांचा गुडघा ऑगस्टपासून दुखत होता आणि हे "एवढं काही नाही गं, जाईल" करत डिसेंबरपर्यंत ढकलत राहिले. कोणी कोणाला जाऊ नको म्हटलं नव्हतं. १९७० च्या दशकात रँड संस्थेने हजारो लोकांना वेगवेगळे इन्शुरन्स देऊन मोठा प्रयोग केला होता, त्यात दिसलं ते हेच, खिशातून पैसे जायला लागले की लोक डॉक्टरकडे कमी जातात, पण कमी करताना बिनगरजेचं आणि गरजेचं दोन्ही सारखंच कमी करतात. आम्ही दोघं शिकलेले, पगारदार, तरी तेच केलं.

असो, गुडघा बरा आहे. मुद्द्यावर येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की अमेरिकेत पोरांच्या दातांच्या तारांना सरकारने मदत करावी का ही चर्चाच आता उरलेली नाही. सरकार मदत करतंच आहे. फक्त कोणाला करतं ते बघा.

माझाच आकडा घेते. आम्ही २२ टक्क्यांच्या पट्टीत, वर ७.६५, म्हणजे ४,७०० वर साधारण १,४०० वाचले. आता आमच्याच गल्लीत कोणी ३७ टक्क्यांच्या पट्टीतला असेल तर त्याच्या पोराच्या त्याच तारांवर त्याचे सतराशेच्या वर वाचतात. १२ टक्केवाल्याचे सव्वानऊशे. आणि ज्या घराला मुलं बाळं धरून इन्कम टॅक्स लागतच नाही त्याचे फार तर ३६०, ते पण त्याच्या मालकाने पगारातून कापायची सोय दिली असेल तर, आणि मुळात महिन्याच्या शेवटी खात्यात टाकायला काही उरलं तर. दात तेच, तारा त्याच, डॉक्टर तीच. ज्याला गरज सगळ्यात कमी त्याला मदत सगळ्यात जास्त. हे जर सरकारने चेक पाठवून केलं असतं, म्हणजे श्रीमंताला १,७०० चा चेक, मध्यमवर्गाला १,४०० चा आणि गरिबाला ३६० चा, तर बोंबाबोंब झाली असती. टॅक्समधून केलं की कोणाला दिसत नाही.

आणि याहून मजेची गोष्ट म्हणजे गरज. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, पब्लिकेशन ५०२ आहे, कुठला खर्च मेडिकल धरायचा त्याची यादी, त्यात दातांच्या उपचारांत एक्स-रे, फिलिंग, दात काढणं, कवळी यांच्याबरोबर तारा सरळ लिहिलेल्या आहेत. दात पांढरे करून घेणं चालत नाही, तारा चालतात. किती वाकडे, चावायला त्रास होतो का, की फक्त फोटोत बरं दिसावं म्हणून, कोणी विचारत नाही. माझ्या कार्डला पण कोणी विचारलं नाही.

आता दुसरीकडे या. गरीब घरातल्या मुलांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स, असतं, आणि मेडिकेडमध्ये मुलांच्या तारा कायद्याने द्याव्या लागतात, पण मेडिकली गरजेच्या असतील तरच. ती गरज मोजतात पट्टीने, अक्षरशः पट्टीने. कॅलिफोर्नियात वरचे दात किती मिलिमीटर पुढे, खालचे किती पुढे, किती दाटी, प्रत्येकाचे गुण, आणि बेरीज २६ किंवा त्याहून जास्त झाली तर मंजूर, नाहीतर टाळू फाटलेला असणं वगैरे गंभीर काही पाहिजे. २४ आले तर घरी जा. माझ्या लेकीचे किती आले असते मला माहीत नाही, कारण मोजलेच नाहीत, मोजायची गरजच पडली नाही. म्हणजे एकाच सरकारच्या पैशासाठी गरिबाच्या पोराला परीक्षा आणि माझ्या पोरीला थेट प्रवेश.

परीक्षा असणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां. इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, १८ वर्षांखालच्या मुलांना तारा फुकट देते, पण त्यासाठी दातांची गरज १ ते ५ अशी मोजतात, ४ आणि ५ वाल्यांना मिळतात, ३ वाल्यांचं दिसायला किती वाईट आहे ते बघून ठरवतात, १-२ वाल्यांनी स्वतःच्या पैशाने करायचं. रांग मोठी असते, लोक कुरकुर करतात, सगळं खरं. पण तिथे बापाचा पगार विचारत नाहीत, पोराचे दात बघतात. इथे उलटं, पोराचे दात फक्त गरिबाचे बघतात.

"अहो पण तारा म्हणजे चैन आहे, दिसण्यासाठी आहे, त्याला कशाला टॅक्सचे पैसे," असं आमच्या मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एक जण म्हणाले. (रविवारी पोरं आत बाराखडी गिरवत असतात आणि आईबाप बाहेर कॉफी घेऊन अमेरिकेचं अर्थकारण सोडवत असतात.) म्हटलं बरोबर आहे, एक बाजू म्हणून मान्य, मग दात पांढरे करण्यासारख्या तारापण यादीतून काढून टाका, सगळ्यांसाठी. चैन असेल तर माझीपण चैन, मला १,४०० कशाला? ते काही त्यांना पटेना, कारण त्यांच्या धाकट्याच्या तारा याच वर्षी लागणार आहेत. चैन म्हणायचं फक्त दुसऱ्याच्या पोराच्या वेळी, असं नाही चालत.

आणि खरं सांगायचं तर मला ती चैन वाटत नाही. वरचे दात फार पुढे असलेलं पोर पडलं तर पहिले तेच तुटतात, दाटी असेल तर ब्रश पोचत नाही आणि कीड लागते, आणि हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी काय सोसते ते मी सांगायला नको, मी स्वतः तशी मुलगी होते, आमच्या लहानपणी साताऱ्याला तारा हा शब्दच फक्त विजेच्या खांबासाठी होता.

मुळात दात शरीराबाहेरचे समजायची ही सवय फार जुनी आहे इथली. १८४० मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं वेगळं कॉलेज निघालं, डॉक्टरांचं शिक्षण एकीकडे आणि दातांचं दुसरीकडे, तिथून वाटा वेगळ्या त्या वेगळ्याच. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आलं त्यातून नेहमीचे दातांचे उपचार वगळले. डेंटल इन्शुरन्स म्हणून जे मिळतं तो इन्शुरन्स नाहीच खरं म्हणजे, इन्शुरन्स मोठ्या खर्चाला धावून येतो, हा मोठा खर्च आला की पळून जातो, वर्षाला हजार-दोन हजारांची मर्यादा आणि तारांसाठी आयुष्यभरात मिळून बहुतेकदा तेवढीच. २००७ साली त्याच मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरच्या राज्यात, बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा पू मेंदूपर्यंत गेल्यामुळे वारला. दात काढायला ८० डॉलर लागले असते. घराचं मेडिकेड बंद पडलेलं, आणि चालू होतं तेव्हा मेडिकेड घेणारा डेंटिस्ट मिळत नव्हता. मेंदूच्या ऑपरेशनांना मात्र लाखो डॉलर लागले. ही गोष्ट तारांची नाही, मला माहीत आहे, पण दात बाजूला काढून त्यांना "ज्याचं त्याने बघावं" या खात्यात टाकलं की खालच्या टोकाला काय होतं ते हे आहे, आणि एचएसए ही त्याच "ज्याचं त्याने बघावं"ची टॅक्समध्ये गुंडाळलेली आवृत्ती आहे.

आता आपल्या लोकांकडे वळते, कारण आपण या खेळात फार हुशार आहोत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो सल्ला सगळ्यात जास्त फिरतो तो असा की एचएसएतून तारांचे पैसे देऊच नका! खिशातून द्या, पावती जपून ठेवा, खात्यातले पैसे इंडेक्स फंडात टाका, आणि वीस वर्षांनी तीच पावती दाखवून तेवढे पैसे बिनटॅक्सचे काढा. नियमात हे बसतं, खातं उघडल्यानंतरचा खर्च असला की परत घ्यायला मुदत नाही. आमच्या एका स्नेह्यांकडे बुटाच्या खोक्यात पोरांच्या रूट कॅनालपासून चष्म्यापर्यंत सगळ्या पावत्या आहेत, लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त जपलेल्या. आणि ६५ नंतर तर औषधाशिवाय काढले तरी दंड नाही, साधा टॅक्स, त्याआधी मात्र २० टक्के दंड. मला यात काही गुन्हा दिसत नाही, ज्याला जमतं त्याने करावं. पण मग याला हेल्थ अकाउंट म्हणू नका ना. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात तसं झालंय. संसदेत, भाषणात दाखवायचे दात म्हणजे पोराच्या तारा, आईचा चष्मा, बाबांची इन्सुलिन. खायचे दात म्हणजे ज्याचं फोर-ओ-वन-के भरून वाहतंय त्याच्यासाठी म्हातारपणाचं आणखी एक बिनटॅक्सचं गाठोडं. तारांचे ४,७०० खिशातून देऊ शकणाऱ्यालाच हा खेळ खेळता येतो. ज्याला खरंच त्या खात्यातून द्यावे लागतात त्याचं खातं तिथेच रिकामं होतं.

आणि बहुतेकांचं ते तरुणपणी रिकामंच असतं, कारण आयुष्याचा क्रमच तसा आहे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तिशी-पस्तिशीत पोरं लहान, डेकेअर, घराचा हप्ता, गाडी, खात्यात शिल्लक नाही, आणि नेमक्या तेव्हाच तारा. पन्नाशीत खातं गुबगुबीत, पोरं कॉलेजात. बरं तेव्हा पोरासाठी खर्च करायचा तर आणखी एक गंमत, इन्शुरन्सवर मूल २६ पर्यंत राहतं, पण एचएसएतून खर्च फक्त टॅक्समध्ये डिपेंडंट असलेल्याचाच चालतो, त्यामुळे नोकरीला लागलेल्या २४ वर्षांच्या लेकाच्या तारा तुमच्या प्लॅनवर असतील पण तुमच्या खात्यातून नाहीत.

असे खड्डे बरेच आहेत. नवऱ्याच्या कंपनीत साधं एफएसए घेतलं असेल तर बायकोला एचएसएत पैसे भरताच येत नाहीत, फक्त दात-डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए असेल तरच चालतं, आणि हे कळतं कधी तर एप्रिलमध्ये टॅक्स भरताना. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया, म्हणजे नेमकी आपली गर्दी जिथे आहे ती दोन राज्यं, एचएसए मानतच नाहीत, राज्याचा टॅक्स त्या पैशावर भरावाच लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून मी हे दरवर्षी भरते आणि दरवर्षी विसरते.

भारताचं विचारतात लोक. पुण्याला माझी बहीण आहे, तिने मुलाच्या तारा कोथरूडला करून घेतल्या, ४५ हजारांत. मला म्हणाली, "ताई, वेडी आहेस का तू, सहा हजार डॉलर? इकडे घेऊन ये तिला, विमानाचं तिकीट पण सुटेल." एचएसएचे पैसे भारतातल्या डेंटिस्टला चालतात का, तर हो, उपचार खरा आणि पावती खरी असेल तर देश कुठला याला बंधन नाही, सुट्टीत जाऊन रूट कॅनाल आणि कॅप करून येणारे ढिगाने आहेत आपल्यात आणि त्यांनी पावती घ्यायला विसरू नये, डॉक्टर मागितल्याशिवाय देत नाहीत. सुट्टीला गेलो होतो त्या तिकिटाचे पैसे मात्र त्यात घालू नका. पण तारांना दर चार-सहा आठवड्यांनी जावं लागतं, दीड-दोन वर्षं, त्यामुळे जून-जुलैच्या सुट्टीत ते होणारं काम नाही. आणि साताऱ्यात राहणाऱ्या बाबांच्या कवळीला हे पैसे चालत नाहीत, ते अमेरिकेच्या टॅक्सच्या हिशोबाने माझे डिपेंडंट होऊ शकत नाहीत, दर महिन्याला पैसे मी पाठवत असले तरी. बहिणीला तिकडे टॅक्समध्ये तारांचं काहीच मिळालं नाही, ८०डी मध्ये प्रीमियम बसतो, तारा नाही बसत. पण निदान तिला कोणी तू फार हुशारीने भरलेस म्हणून फसवलं तरी नाही.

आमच्या कंपनीत वर ऑफिस आहे आणि मागे वेअरहाउस. प्लॅन सगळ्यांना तेच. मागे पॅकिंग लाइनवर एक बाई आहे, गयानाची, तिचा मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा, आम्ही लंचला कधी कधी एकत्र बसतो. तिने हाय डिडक्टिबल प्लॅन घेतलाय कारण त्याचा प्रीमियम सगळ्यात कमी. एचएसए तिचंही आहे, कार्ड पर्समध्ये आहे, कंपनी वर्षाला ५०० टाकते ते मुलाच्या दम्याच्या पंपात मार्चपर्यंत संपतात. मी तारांचं सांगत होते तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "आणि तू त्यात किती टाकतेस?" मी आकडा सांगितला आणि मला तो सांगताना लाज वाटली. तिचं उत्पन्न मेडिकेडला जास्त आणि एचएसएला कमी. तिच्या मुलाचे दात पट्टीने मोजायलाही कोणी येणार नाही.

१ जानेवारी २०२६ पासून ओबामाकेअर कायद्याने उभ्या केलेल्या इन्शुरन्सच्या बाजारातले सगळे ब्रॉन्झ, म्हणजे कमी हप्त्याचे, प्लॅन एचएसएला चालतील असा बदल झालाय, २०२५ च्या जुलैमध्ये सही झालेल्या त्या मोठ्या कायद्यात. म्हणजे आणखी लाखो लोकांना खातं उघडता येणार, आणि याची जाहिरात अशी की लोकांना पर्याय दिला. अहो, पाकीट दिलंत, पाकिटात काय? ब्रॉन्झ प्लॅन घेणारा माणूस तो घेतो तोच मुळी हप्ता परवडत नाही म्हणून.

मग काय करावं? एचएसए बंद करा असं मी म्हणणार नाही, होणारही नाही आणि माझंच कार्ड चालू आहे. पण मुलांच्या दातांपुरतं तरी टॅक्सची सूट पट्टीनुसार न देता सरळ ठरावीक रकमेचं क्रेडिट द्यावं, सगळ्यांना सारखं, आणि टॅक्स लागत नसेल त्याला हातात. आत्ता जे ३६० ते सतराशेच्या वर असं वाटतात तेच सारखं वाटलं तरी पॅकिंग लाइनवरच्या घराचा तारांचा पहिला हप्ता सहज निघतो. दुसरं म्हणजे गरज मोजायचीच असेल तर माझ्या लेकीची पण मोजा, आणि ज्याची खरी गरज निघेल त्या मुलाच्या तारा सरळ मेडिकल प्लॅनमध्ये घाला, डेंटलच्या १,५०० च्या डबीत नको. छोट्या ग्रुपच्या आणि बाजारातल्या प्लॅनमध्ये मुलांच्या दातांचा समावेश ओबामाकेअरने केलाच आहे, मोठ्या कंपन्यांना मात्र सक्ती नाही, आणि आमच्यासारखे बहुतेक लोक मोठ्या कंपन्यांतच आहेत. दाटी झालेले दात मालक किती मोठा ते बघून वाढत नाहीत.

यातलं काहीही वॉशिंग्टनला उद्या होणार नाही हे मलाही कळतं. कंपन्यांना मात्र आजही एक गोष्ट करता येते, काही करतातही, एचएसएत टाकायची रक्कम पगाराच्या उलट ठेवायची, कमी पगाराला जास्त, जास्त पगाराला कमी किंवा शून्य. नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटच्या (पुढच्या वर्षीचा प्लॅन निवडायच्या मुदतीच्या) आधी मी एचआरला मेल टाकला, वर ऑफिसात बसणाऱ्यांचे ५०० काढा आणि मागच्यांचे वाढवा, आणि जमलं तर तारांची १,५०० ची मर्यादा वाढवा. उत्तर आलं, छान सूचना आहे, पुढच्या वर्षीच्या नियोजनात विचार करू. वर बसणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं माझे ५०० कशाला काढायला सांगितलेस?" तिच्याशी अजून त्यावरून वाद चालू आहे. लेकीने मागच्या आठवड्यात तारांना लावायच्या रबर बँडांचा आख्खा पुडा शाळेत हरवला, नवीन फुकट मिळाला. एचआरला पुढचा मेल जूनमध्ये पाठवणार आहे, नियोजन तेव्हाच सुरू होतं म्हणे.